थेंबभर कुलूप : आटे जखडणाऱ्या द्रवाची कहाणी

१/२४
पिस्तुलाच्या नळीच्या टोकाशी आट्यांवर बसवलेला धातूचा एक लहानसा तुकडा. त्याचे नाव कॉम्पेन्सेटर. गोळी त्याच्या पोटातून आरपार जाते आणि गोळी व धातू यांच्यात उरते ती केवळ मिलिमीटरच्या अंशाइतकी फट. हा तुकडा किंचित फिरला, तर त्याचे काम बिघडते. आट्यांवरून सुटत जाऊन तिरका झाला, तर गोळी त्याच्याच भिंतीवर आदळू शकते. त्याला जागेवर धरून ठेवणारी वस्तू पुष्कळदा असते द्रवाचा एक थेंब. त्या थेंबाचा हा इतिहास. #थ्रेड

२/२४
मळसूत्र म्हणजे दंडगोलाभोवती गुंडाळलेला उतार. कागदाचा काटकोन त्रिकोण पेन्सिलीभोवती गुंडाळला, की त्याची तिरकी कड आट्यासारखी दिसते. नट आवळणे म्हणजे त्या उतारावर ओझे चढवणे. ओझे वर टिकते ते घर्षणामुळे. घर्षण आहे तोवर नट घट्ट. घर्षण सुटले, की उतार आपले काम करतो आणि नट परत फिरू लागतो. म्हणजे सैल होण्याची वृत्ती मळसूत्राच्या घडणीतच आहे.

३/२४
औद्योगिक क्रांतीपूर्वी प्रत्येक कारागिराचे आटे निराळे असत. एका कारखान्यातील नट दुसऱ्या कारखान्यातील बोल्टला बसत नसे. १८०० च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉडस्ली याने अचूक आटे कापणारे लेथ यंत्र सिद्ध केले. त्याच्याच कार्यशाळेत काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये आट्यांसाठी एकसमान प्रमाण सुचवले; त्यात आट्याचा कोन ५५ अंश होता. नट कुठलाही असो, तो बसू लागला. पण बसलेला नट टिकेल कसा, हा प्रश्न तसाच राहिला.

४/२४
आगगाडी, वाफेचे इंजिन, पुढे मोटार आणि विमान. यंत्रांचा वेग वाढला, तशी थरथर वाढली आणि नट सुटू लागले. उपायही निघाले : एका नटावर दुसरा नट आवळणे, खाली स्प्रिंग वॉशर घालणे, खाचांच्या नटातून व बोल्टच्या भोकातून दुपाखी पिन घालून तिची टोके वाकवणे. विमानाच्या इंजिनांत तर बोल्टची डोकी एकमेकांना तारेने बांधण्याची पद्धत रूढ झाली. ती आजही चालते.

५/२४
या प्रत्येक उपायाला काही किंमत होती. पिनेसाठी भोक पाडावे लागे, तारेसाठी जागा व वेळ लागे, दुसऱ्या नटाने वजन वाढे. शिवाय हे सर्व उपाय बाहेरून पहारा देणारे. आट्यांच्या आत, धातू व धातू यांच्यामधली फट रिकामीच राही. आटे एकमेकांना सर्वत्र टेकत नाहीत; त्यांच्या मधल्या पोकळीत हवा असते. सैलपणाला आणि गंजालाही वाट मिळते ती तिथेच.

६/२४
याच काळात शस्त्रविद्येत एक निराळी अडचण उभी राहिली. अमेरिकेत जॉन थॉम्प्सन याच्या पुढाकाराने तयार झालेली, १९२१ ची थॉम्प्सन सबमशीनगन मिनिटाला सुमारे ८०० गोळ्या या वेगाने झाडत असे. प्रत्येक गोळीबरोबर नळीचे तोंड थोडे वर उचलले जाई. पहिली गोळी नेमावर, पुढच्या गोळ्या आकाशाकडे, अशी अवस्था होई. हा दोष शस्त्र चालवणाऱ्याच्या हाताचा नव्हता. तो धक्क्याच्या दिशेचा होता.

७/२४
त्यावर उपाय काढला अमेरिकन मरीन दलातील अधिकारी रिचर्ड कट्स याने. गोळीमागून येणारा दारूचा वायू तसाही वाया जात होता. कट्सने नळीच्या टोकाला एक नळकांडे जोडले व त्याच्या वरच्या अंगाला चिरा पाडल्या. वायू त्या चिरांतून वर उसळला, की त्याच्या प्रतिक्रियेने नळीचे तोंड खाली दाबले जाई. हाच ‘कट्स कॉम्पेन्सेटर’. थॉम्प्सनच्या १९२८ च्या नमुन्यामुळे तो जगभर ओळखीचा झाला.

८/२४
या रचनेत एक गोष्ट निर्णायक होती : चिरा वरच हव्यात. नळकांडे चतकोर फेरा जरी फिरले, तरी वायू बाजूला सुटेल आणि नळी आडवी ढकलली जाईल. म्हणून थॉम्प्सनवर तो तुकडा आडवी खीळ ठोकून पक्का करीत. जोड भक्कम झाला. पण प्रत्येक नळीमागे एक जादा काम वाढले. दुसऱ्या महायुद्धात उत्पादन सोपे व स्वस्त करण्याची निकड आली, तेव्हा १९४२ च्या एम-१ नमुन्यातून कॉम्पेन्सेटर वगळलाच गेला.

९/२४
आता रणभूमीवरून प्रयोगशाळेकडे. १९४० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीत बर्नेट आणि नॉर्डलँडर हे संशोधक एका कृत्रिम राळेवर काम करीत होते. ती राळ विक्षिप्त होती. उघड्या हवेत ती पातळ राही. हवा काढून घेतली, की आपोआप घट्ट होई. बहुतेक रंग, डिंक व लेप यांचे वर्तन नेमके उलट असते : हवा लागली, की ते वाळतात. या राळेला नाव मिळाले ‘अनएरोबिक पर्माफिल’, म्हणजे हवेवाचून घट्ट होणारी.

१०/२४
असे का घडे? राळेचे रेणू सुटे असतात. एखादा अतिचंचल ‘मुक्त मूलक’ त्यांना भेटला, की ते एकमेकांना साखळीसारखे जोडले जाऊ लागतात आणि द्रवाचे घन होते. हवेतील ऑक्सिजन मात्र या मुक्त मूलकांना मध्येच पकडतो व साखळी सुरू होऊ देत नाही. जोवर ऑक्सिजनचा पहारा आहे, तोवर द्रव द्रवच राहतो. पहारा उठला, की साखळी धावत सुटते.

११/२४
विज्ञान सुंदर होते. व्यवहार बिकट होता. राळ साठवायची, तर तिच्यातून सतत हवेचे बुडबुडे सोडावे लागत. बुडबुडे थांबले, तर पिंपच्या पिंप दगड होऊन बसे. पंप घेऊन फिरणारा माल कोणता गिऱ्हाईक विकत घेईल? एवढ्या मोठ्या कंपनीलाही त्यातून चालणारा धंदा उभा करता आला नाही, आणि पर्माफिल बाजूला पडली. नोंदी राहिल्या, पेटंट राहिले. उपयोग राहिला नाही.

१२/२४
पुढचा अध्याय घडला कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड शहरात. तेथील ट्रिनिटी कॉलेजात व्हर्नन क्रीबल हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. जन्म १८८५ चा. म्हणजे १९५३ साली वय साठीच्या पुष्कळ पुढे, निवृत्ती दाराशी. त्यांचा मुलगा रॉबर्ट जनरल इलेक्ट्रिकमध्ये रसायनतज्ज्ञ होता. त्याच्याकडून वडिलांना या हेकट राळेची हकिकत समजली. कंपनीने सोडून दिलेला प्रश्न प्राध्यापकांनी हाती घेतला.

१३/२४
क्रीबल यांचे वेगळेपण येथे दिसते. ‘हवा बंद झाली, की घट्ट होते’ हा साठवणुकीतला दोष होता. पण ज्या जागी हवा नसतेच, तेथे हाच गुण ठरेल. अशी जागा कोणती? आवळलेल्या नट-बोल्टच्या आट्यांमधली फट! तेथे द्रव शिरला, की हवा बाहेर ढकलली जाते, पहारा उठतो आणि द्रवाचे घन होते. शंभर वर्षे रिकाम्या राहिलेल्या त्या पोकळीला तिचा रहिवासी सापडला.

१४/२४
उरला साठवणुकीचा प्रश्न. क्रीबल यांनी मिश्रणात हायड्रोपेरॉक्साइड वर्गातील द्रव्याचा असा मेळ घातला, की साध्या बाटलीतल्या हवेच्या सोबतीने द्रव दीर्घकाळ पातळ राहील, आणि फटीत मात्र लवकर घट्ट होईल. या शोधाचे पेटंट १९५९ मध्ये मंजूर झाले. अशा द्रवाची बाटली आजही काठोकाठ भरत नाहीत आणि ती हवा आरपार जाऊ देणाऱ्या प्लॅस्टिकची असते. अर्धी रिकामी बाटली पाहून फसवणुकीचा संशय येतो. पण ती रिकामी जागा हेच त्या द्रवाचे औषध आहे.

१५/२४
१९५३ साली ‘अमेरिकन सीलंट्स’ ही छोटी कंपनी निघाली. मालाला ‘लॉकटाइट’ हे नाव सुचवले रॉबर्टच्या पत्नी नॅन्सी क्रीबल यांनी. जाहीर घोषणा झाली २६ जुलै १९५६ रोजी, न्यूयॉर्कच्या युनिव्हर्सिटी क्लबात. त्याच दिवशी नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले, आणि त्याच सकाळी ‘अँड्रिया डोरिया’ हे इटालियन जहाज अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ बुडाले. जगाचे लक्ष दुसरीकडे होते. पण सुट्या नटांचे युग सरू लागले ते त्याच दिवसापासून.

१६/२४
या द्रवाला घट्ट होण्यासाठी दोन अटी लागतात : हवेचा अभाव आणि धातूचा स्पर्श. लोह व तांबे यांचे आयन पेरॉक्साइडचे विघटन करून मुक्त मूलक निर्माण करतात. साखळी तेथून सुरू होते. म्हणूनच बोटावर सांडलेला थेंब ओलाच राहतो आणि पोलादी आट्यांत शिरलेला थेंब काही मिनिटांत धरू लागतो. पूर्ण ताकद येण्यास साधारणतः चोवीस तास द्यावे लागतात. घाईचा येथे उपयोग नाही.

१७/२४
मग हा द्रव अनेक ताकदींत मिळू लागला आणि रंगांची भाषा रूढ झाली. लॉकटाइटच्या मालिकेत जांभळा अगदी लहान स्क्रूंसाठी. निळा मध्यम ताकदीचा, साध्या पान्याने उघडता येणारा. लाल उच्च ताकदीचा, तापवल्याशिवाय सहसा न सुटणारा. हिरवा आधीच आवळलेल्या आट्यांत झिरपणारा. मात्र प्रत्येक उत्पादकाचे रंग सारखे नसतात. रंग पाहून नव्हे, बाटलीवरील वर्णन वाचून निवड करावी, हा कारखान्यांतला जुना धडा आहे.

१८/२४
नट नेमके का सुटतात, याचा नीट उलगडा मात्र द्रव बाजारात आल्यानंतर झाला. १९६९ मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने दाखवून दिले, की उभ्या कंपनापेक्षा आडवे कंपन घातक असते. उतरत्या फळीवर जड पेटी घर्षणाने थांबलेली असावी आणि कोणी तिला आडवे हलवावे. ती आडवी सरकता सरकता खालीही घसरू लागते. नटाचेही तसेच होते. युंकरच्या यंत्रावर स्प्रिंग वॉशरसारख्या जुन्या पहारेकऱ्यांचे पितळ उघडे पडले. आडवे सरकणेच थांबवायचे, तर आट्यांमधली फट भरणे हा सरळ मार्ग होता.

१९/२४
आता पुन्हा पिस्तुलाकडे. १९७६ साली अमेरिकेतील कोलंबिया, मिझुरी येथे नेमबाजांच्या परिषदेतून आयपीएससी ही क्रीडासंघटना जन्मली. जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष. या खेळात नेमाइतकाच वेग मोलाचा. दुसरी गोळी लवकर झाडायची, तर नळी उचलली जाऊन चालत नाही. १९८० च्या दशकात स्पर्धेच्या पिस्तुलांवर कॉम्पेन्सेटर दिसू लागले आणि कट्सची जुनी कल्पना नव्या खेळात रुजली. पुढे अशा पिस्तुलांसाठी ‘ओपन’ हा स्वतंत्र विभागच झाला.

२०/२४
थॉम्प्सनच्या कारखान्यात खीळ ठोकणे सोपे होते; पातळ पिस्तुलनळीत भोक पाडणे जोखमीचे. म्हणून शस्त्रकारागीर आटे कापून कॉम्पेन्सेटर बसवीत आणि आट्यांत द्रव सोडीत. मग निवडीचा प्रश्न उभा राही. स्वच्छतेसाठी वारंवार उतरवायचा असेल, तर मध्यम ताकदीचा निळा. एकदा बसवून विसरून जायचे असेल, तर लाल. म्हणजे प्रश्न ‘किती घट्ट हवे’ एवढाच नव्हता. ‘पुन्हा कधी आणि कसे उघडायचे’ हा त्याचा दुसरा व अधिक महत्त्वाचा अर्धा भाग होता.

२१/२४
येथे एक विचित्र पेच आहे. लाल द्रवाने जखडलेला जोड उघडायचा उपाय म्हणजे त्याला सुमारे २५० अंश सेल्सियसपर्यंत तापवणे. नेहमीच्या प्रकारांची कामाची मर्यादा साधारण १५० अंशांची. आणि कॉम्पेन्सेटरमधून जातो काय? जळत्या दारूचा तप्त वायू! कुलपाची किल्लीच रोज कुलपाला घासून जाते, असा हा प्रकार. मोजक्या फैरींत पिस्तूल एवढे तापत नाही. पण सलग, लांबलचक सरावात धातू तापत जातो, द्रवाची पकड मऊ होत जाते, आणि आटे पुन्हा आपला मूळ स्वभाव दाखवू लागतात.

२२/२४
रायफलींच्या बाबतीत हा पेच अधिक तीव्र होता. तेथे उष्णता फार. त्यावरचे उत्तर जुन्या रसायनात सापडले. १८१८ मध्ये योहान नेपोमुक फॉन फुक्स या जर्मन रसायनज्ञाने ‘जलकाच’ शोधली : पाण्यात विरघळणारे, काचेसारखे सिलिकेट. याच वर्गातील सिरॅमिक चिकटद्रव्ये पाणी उडून गेले, की दगडासारखी होतात आणि सुमारे हजार अंशांची धग सोसतात. ती आगीला बधत नाहीत. गरम पाण्यात भिजत ठेवली, तर मात्र पकड सोडतात. उघडण्याची किल्ली बदलली : ज्वालेऐवजी पाणी.

२३/२४
किल्ली कोणतीही निवडली, तरी थेंबाचे यश ठरते ते पृष्ठभागावर. आट्यांवर तेलाचा पुसट थर राहिला, की पकड कमजोर होते. आणि शस्त्र म्हटले, की तेल आलेच. शिवाय स्टेनलेस पोलाद व टायटॅनियम हे धातू रसायनदृष्ट्या सुस्त. ते पुरेसे आयन देत नाहीत आणि अनएरोबिक द्रव रेंगाळतो. त्यासाठी आधी ‘ॲक्टिव्हेटर’ लावावा लागतो. स्पर्धेच्या मध्यावर सुटलेल्या तुकड्याचे कारण पुष्कळदा चुकीचा रंग नसून न पुसलेले तेल असते. अशा सुटलेल्या तुकड्यानिशी पुढची गोळी झाडणे धोक्याचे. म्हणूनच हे काम जाणत्या कारागिराकडे सोपवतात.

२४/२४
१९६३ मध्ये कंपनीचे नावच लॉकटाइट झाले. १९६४ मध्ये व्हर्नन क्रीबल निवर्तले. १९९७ मध्ये जर्मनीच्या हेंकेलने ती कंपनी घेतली. त्याच हेंकेलचा चिकटद्रव्यांचा कारखाना आज पुण्याजवळ कुरकुंभ येथे आहे, आणि मराठी गॅरेजांत ‘लॉकटाइट’ हे विशेषनाम सामान्यनाम होऊन बसले आहे. खीळ, तार, राळ, सिलिकेट. दीडशे वर्षांत साधने बदलली. बर्नेट व नॉर्डलँडर यांना जो दोष वाटला, तो क्रीबल यांनी योग्य जागी ठेवला आणि तो गुण झाला. नळीच्या टोकाशी बसलेल्या कारागिराला आजही तेच करावे लागते : आधी तो जोड कसा उघडेल याचा विचार, आणि मग थेंब.